भात्याचं देणं

लाखांदूर तालुक्यात धानाची कापणी आणि चुरणी आटोपली की नाटकांचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पुढं बैलांच्या शर्यतींचे शंकरपट येतात, आणि जिथं मंडई किंवा पट तिथं रात्री नाटक ठरलेलंच. रिकाम्या बांधीत लोकांना बसायला जमीन खोदून खोलगट करायची, निघालेल्या मातीचा मंच रचायचा, भोवती कनाती ठोकायच्या. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडायला येतं तेव्हा संपतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं वेड. या नाटकांचं मोठं केंद्र असलेलं वडसा आमच्या शेजारीच. माझं आयुष्य या नाटकांच्या संगीतावर उभं राहिलं. ते उभं करणारा माणूस माझ्या नात्यातला नव्हता, जातीतला नव्हता, गावातलाही नव्हता. शेजारच्या गावात शिंपीकाम करणारे ते ऑर्गनवादक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मीही त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही, आणि आपलं नाव कुठं छापून यावं अशी हौस त्यांना नव्हती, म्हणून इथंही मास्तरच.

दहावीनंतर माझं शिक्षण सुटलं होतं. वडील मजुरीला जात, मी आईबरोबर रोवणीला. एका मंडईच्या रात्री साजिंद्यांचं सामान उतरवायला माणूस कमी पडला म्हणून मला बोलावलं. ऑर्गन उचलताना माझा हात कोपऱ्याखाली चिरडू नये म्हणून मास्तरांनी आपला हात मध्ये घातला होता. नाटक सुरू झालं आणि मी घरी गेलोच नाही. रात्रभर त्यांच्या पायांकडं बघत बसलो. पहाटे त्यांनी विचारलं, "शिकतेस का गा?" मी हो म्हणालो. फी किती, असं विचारायचं मला सुचलं नाही आणि त्यांनीही तो विषय कधी काढला नाही.

ऑर्गन त्यांच्या गावच्या नाट्यमंडळाचा. जुन्या मंडळींनी वर्गणी काढून नागपुरात कुणाकडून तरी तो घेतला होता, वडसा स्टेशनावर उतरवून बैलबंडीनं गावात आणला होता. पट्ट्यांच्या वरच्या फळीवर सोनेरी अक्षरं होती: एस्टे ऑर्गन कंपनी, ब्रॅटलबरो, व्हरमाँट. ब्रॅटलबरो कुठं आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं मी शोधलं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यातलं ते छोटंसं गाव, आणि जेकब एस्टे यांच्या कारखान्यानं तिथं पाच लाखांहून जास्त रीड ऑर्गन घडवले. एवढ्या दूरच्या सुतारांनी जोडलेली लाकडं आमच्या धानाच्या बांधीत वाजत होती. त्या सुतारांचंही माझ्यावर देणं आहे, असं मी मानतो.

पहिला हंगाम मास्तरांनी मला पट्ट्यांना हात लावू दिला नाही. मी स्टुलावर बसायचं आणि नुसते पाय चालवायचे. ते शेजारी उभं राहून वाजवायचे. दिवसभर त्यांचे पाय शिलाई मशीनवर असत, त्यामुळं मी म्हणालो की हे तसंच आहे. त्यांनी लगेच थांबवलं. "मशीनीचा पाय कापड पाह्यते, ऑर्गनचा पाय गानाऱ्याचा दम पाह्यते, बाबू." मशीनवर वेग हवा असतो, इथं धीर. पाय घाईनं मारले की सूर फुगतो, रेंगाळले की विरतो. गाणारा ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्यात आपण दोन खोल पाय मारून भाता भरून ठेवायचा, म्हणजे पुढची ओळ तो उंच उचलेल तेव्हा ऑर्गन कमी पडणार नाही.

मग त्यांनी मागची फळी काढून आतलं सगळं दाखवलं. ऑर्गनचा व्यवहार हातपेटीच्या नेमका उलटा. हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, ती रीडमधून निसटते आणि सूर निघतो. आमच्या ऑर्गनमध्ये भाता हवा ओढून घेतो. दोन पायडलं आळीपाळीनं दाबली की त्यांना फितींनी बांधलेले दोन लहान भाते उघडतात आणि मोठ्या भात्यातली हवा शोषून घेतात. पाय सैल केला की स्प्रिंग लहान भाता मिटवते, हवा बाहेर पडते. ती उलटी आत जायला लागली तर कातड्याची झडप वाट अडवते. असं करत मोठ्या भात्यात हवा विरळ होत जाते आणि बाहेरची हवा आत शिरायला टपून बसते. पट्टी दाबली की तिच्याखालची लाकडी काडी एक झडप खाली ढकलते, एक चिंचोळा खण मोकळा होतो, आणि हवा त्या खणातल्या रीडवरून आत धावते.

रीड म्हणजे पितळेच्या चौकटीवर एका टोकाला रिबिट मारून बसवलेली पातळ जीभ. चौकटीतल्या फटीत ती हवेच्या ओढीनं थरथरते. लांब, जाड जीभ सावकाश हलते, तिचा सूर खर्जातला. आखूड जिभेचा तारसप्तकातला. मोठ्या भात्याच्या आतल्या स्प्रिंगा त्याला उघडायला बघतात आणि विरळ झालेली हवा त्याला मिटवायला बघते. या ओढाताणीत हवेची ओढ एकसारखी राहते, म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना सूर तुटत नाही. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही. लाकूड, कापड आणि पितळ यांच्या साध्या जुळणीतून माणसाच्या गळ्याला साथ करणारा आवाज निघतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

पट्ट्यांच्या वर ओढायच्या गोल मुठी असतात, त्या म्हणजे स्टॉप. बहुतेक मुठी रीडच्या एकेका रांगेवरचं झाकण उघडतात. डायपेसन, मेलोडिया, व्हायोला, ड्युल्सियाना ही त्यांची नावं मास्तरांना तोंडपाठ होती. सेलेस्ट नावाच्या स्टॉपची रांग मुद्दाम किंचित फरकानं मिळवलेली असते. दोन रांगा एकत्र वाजल्या की आवाजात मंद लाटा उठतात. व्हॉक्स ह्युमाना ओढला की आत एक छोटा पंखा हवेच्या ओढीवर फिरू लागतो आणि सूर थरथरतो. मास्तर हे दोन्ही स्टॉप गाण्याच्या साथीला वापरत नसत. गाणाऱ्याला स्थिर सूर हवा, असं त्यांचं म्हणणं. थरथर हवी ती गळ्यातून येऊ दे. रंगमंचावर भूत किंवा साक्षात्कार यायचा असला तर मात्र पंखा सुरू व्हायचा आणि पुढच्या रांगेतली पोरं आईला चिकटायची. गुडघ्याजवळ दोन लाकडी पाळ्या असतात. उजव्या गुडघ्यानं पाळी बाजूला ढकलली की आतली कवाडं उघडतात आणि आवाज मोठा होतो. दोन हात सुरांवर, दोन पाय भात्यावर, गुडघे आवाजावर आणि कान गाणाऱ्यावर: माणूस सगळाच्या सगळा कामाला लागतो.

पावसाळा ऑर्गनचा वैरी. आमच्याकडं पाऊस धो-धो पडतो, लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, कापड सुटतं. दर आश्विनात मास्तर मंडळाच्या खोलीत ऑर्गन उघडत आणि मला शेजारी बसवत. एका वर्षी उंदरांनी भात्याचं रबरी कापड कुरतडून टाकलं होतं. मास्तरांनी गरम पाण्याची वाफ देऊन जुना सरस सैल केला, फाटकं कापड न ताणता सोडवलं, जमिनीवर पसरलं आणि त्यावर नवं कापड ठेवून खडूनं आखलं. शिंप्याची कात्री तिथं अशी चालली की घडीची एक रेघही चुकली नाही. सरसाचं भांडं उकळत्या पाण्यात ठेवलेलं. कडेला सरस लावायचा, कापड बसवायचं, बोटानं दाबत जायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. झडपांना त्यांनी बकऱ्याचं मऊ कातडं लावलं. सुकायला दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी मला पाय मारायला सांगितलं आणि स्वतः भात्याभोवती उदबत्ती फिरवत बसले. जिथं धूर आत ओढला जाईल तिथं गळती. एका कोपऱ्यात धुराची रेघ वाकली, त्यांनी बोट टेकवलं, म्हणाले, "इथं." पुन्हा सरस, पुन्हा वाट पाहणं.

तरी मधली एक पट्टी मुकीच होती. मास्तरांच्या डब्यात छत्रीची काडी ठोकून केलेला आकडा होता. त्यानं त्यांनी खणातून रीड अलगद बाहेर ओढली, उजेडाकडं धरली आणि मला दाखवली. जीभ आणि चौकट यांच्यामध्ये धुळीचा कण अडकला होता, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. पातळ कागदाची कड त्यांनी फटीतून एकदाच फिरवली, रीड ओठांशी धरून हवा आत ओढली, आणि खोलीत सूर घुमला. मग माझ्या हातात रीड देऊन म्हणाले की सूर कमी-जास्त करायचा तर टोकाकडं खरवडलं की चढतो, मुळाकडं खरवडलं की उतरतो. पण कानस लावायच्या आधी सारखं ऐकायचं, कारण गेलेलं पितळ परत येत नाही. ऐकण्यावर इतका वेळ घालवायचा असतो हे मला त्या रीडनं शिकवलं.

हे वाद्य आमच्यापर्यंत पोचलं त्याची गोष्ट मास्तरांनी तुकड्यातुकड्यांत सांगितली होती; बाकीची मी पुढं वाचून भरली. पॅरिसच्या अलेक्झांडर द्बँ यांनी १८४०च्या सुमारास हार्मोनियम या नावानं आपल्या वाद्याचं पेटंट घेतलं. त्यात हवा ढकलली जायची. हवा ओढणाऱ्या भात्याचा प्रकार अमेरिकेत रुजला. बोस्टनची मेसन अँड हॅमलिन ही कंपनी १८५४ साली निघाली आणि तिचे ऑर्गन जगभर गेले. त्यांतला एक जपानमधल्या हमामात्सूच्या शाळेत बिघडला. १८८७ साली तो दुरुस्त करायला तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराला बोलावलं. त्यानं तो उघडला, समजून घेतला आणि स्वतः ऑर्गन बनवायला लागला. आजची यामाहा कंपनी त्यातून उभी राहिली. ही हकीकत मी मास्तरांना सांगितली तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवून पूर्ण ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तालमीला आलेल्या सगळ्या पोरांना पुन्हा सांगायला लावली.

आपल्याकडं कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली बसून वाजवायची हातपेटी तयार केली आणि तीच देशभर पसरली. मराठी रंगभूमीनं मात्र ऑर्गनलाही जवळ केलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं आणि संगीत नाटक उभं राहिलं. पुढं १९१३ साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत सुराचा भरणा पोचवायचं काम ऑर्गन करत होता. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. इथं दोन्ही हात मोकळे, त्यामुळं डाव्या हातानं आधार धरून उजव्यानं गाणाऱ्याच्या संगतीनं जाता येतं. हार्मोनियम-ऑर्गनवादक गोविंदराव पटवर्धनांची साथ मास्तर रेडिओवर ऐकत. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी गाणं संपेपर्यंत ते माप घेत नसत.

साथ कशी करायची याबद्दल त्यांची शिकवण थोडक्यात होती. "नटाच्या पुढं नोको जाऊ, मांगं बी नोको राहू. संगं राह्य." आमच्या नाटकांत गाणारे सगळेच तयारीचे नसतात. दिवसा शेतात राबलेला माणूस रात्री राजा होऊन येतो, पहाटेकडं त्याचा आवाज बसतो, पट्टी उतरते. मास्तर त्याच्या चेहऱ्याकडं बघून ओळखत. मधल्या संवादात ते हलकेच खालच्या पट्टीत सूर धरून ठेवत, आणि नटाला कळायच्या आत त्याला सोसेल तिथून पद सुरू होई. लोक टाळ्या वाजवत ते नटासाठी. मास्तरांना त्यातच समाधान होतं. मी त्यांना एकदाही कुणा गाणाऱ्याची चूक नाटकानंतर चारचौघांत बोलून दाखवताना ऐकलं नाही. सांगायचं असेल ते दुसऱ्या दिवशी, एकट्याला, दुकानात बसवून.

त्यांच्या घराचं देणं वेगळंच. तालमीच्या दिवसांत मी सायकलनं त्यांच्याकडं जायचो तो बहुतेकदा उपाशीच. हे मी कधी सांगितलं नाही, मास्तरीनबाईंना ते सांगावं लागलं नाही. त्या लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात पुढं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पह्यले जेव, मंग वाजव." मास्तरांच्या घरी शेत फारसं नव्हतं, चार पोरांची खाणारी तोंडं होती. त्या भाताचा हिशेब कुणी मांडला नाही. मी मोठा झाल्यावर त्यांच्या घरी धानाचं पोतं टाकायला गेलो, तर बाईंनी ते उतरवून घेतलं, त्याच तांदळाचा भात केला आणि मला जेवायला बसवलं.

एका पटाच्या रात्री पहिला अंक संपल्यावर मास्तर स्टुलावरून उठले आणि मला बसायला सांगितलं. त्यांना काही झालं नव्हतं. ते तबल्याच्या पलीकडं जाऊन प्रेक्षकांकडं पाठ करून बसले, म्हणजे माझ्याकडं कुणाचं लक्ष गेलं तर आधी त्यांच्याकडं जावं. उरलेलं नाटक मी वाजवलं. सकाळी बिदागी वाटली तेव्हा त्यांनी आपला पूर्ण वाटा माझ्या मुठीत ठेवला. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "मायच्या हातात दे." आईनं ते पैसे देवापुढं ठेवले आणि त्यानंतर मला रात्री बाहेर जाऊ नको असं ती कधी म्हणाली नाही.

पुढं मी नाटक कंपन्यांबरोबर हिंडलो, संगीत शिक्षक झालो, घर बांधलं. मास्तरांचे गुडघे गेले, पायडल मारणं थांबलं. एकदा भेटायला गेलो तर त्यांनी तो हत्यारांचा डबा पुढं सरकवला: छत्रीच्या काडीचा आकडा, बारीक कानस, सरसाचं भांडं, कातड्याचे तुकडे. डब्याबरोबर अट होती. शिकायला येणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि कुठल्या गावात बंद पडलेला ऑर्गन दिसला तर तो उघडून पाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी मास्तर गेले. त्यांच्या तेराव्याला तालुक्यातले नट, तबलजी, पडदेवाले सगळे आले होते. २०२३ साली गडचिरोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीनं आनंद साजरा केला, मीही केला. त्या दिवशी मला मंचासमोर अंधारात बसून हयात काढलेले सगळे साजिंदे आठवत होते. त्यांच्या सुरांवरच आमची नाटकं उभी आहेत.

आज मंचाशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. माझी मुलं कीबोर्ड उत्तम वाजवतात आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. माझी कळकळ गावोगावच्या मंडळांच्या खोल्यांमध्ये धूळ खात पडलेल्या ऑर्गनसाठी आहे. शहरातून माणसं येतात, जुनं लाकूड बघून भाव सांगतात, पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवायला घेऊन जातात. त्यांना सुराशी देणंघेणं नसतं. मंडळींनो, ते विकू नका. ऑर्गन मेला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा फक्त कापड फाटलेलं असतं किंवा झडपेचं कातडं वाळलेलं असतं. पितळेच्या जिभा शंभर वर्षांनंतरही शाबूत निघतात, मी स्वतः काढून पाहिल्या आहेत. या वाद्यात वीज नाही, चिप नाही. जे खराब होतं ते सगळं आपल्या तालुक्यातल्या सुताराला, शिंप्याला आणि चांभाराला दुरुस्त करता येतं. ऑर्गन कोरड्या खोलीत ठेवा, उंदरांपासून जपा, आणि नाटक नसलं तरी आठवड्यातून एकदा कुणाला तरी तासभर पाय मारायला बसवा. वाजत राहिलेला भाता जास्त टिकतो.

आणि तो बंदच असेल तर दसऱ्याच्या आधी मला निरोप द्या. मी मास्तरांचा डबा घेऊन येतो. मला पैसे नकोत. गावातलं एक पोरगं किंवा पोरगी माझ्या शेजारी बसवा, म्हणजे कापड कसं आखायचं, गळती कशी शोधायची आणि रीड कशी ऐकायची हे मला त्यांच्या हातात देता येईल, आणि पुढच्या वर्षी तो ऑर्गन त्यांना स्वतःच उघडता येईल.